कानातलं कानात राहीना!

लेडीज डब्यात 'कानातले घ्या, कानातले' अशी हाक आली की दोन तऱ्हेच्या माना वळतात. मावशींच्या एका हातावर झुमक्यांचा जाळीदार पुठ्ठा असतो, दुसऱ्या हातावर हेडफोनच्या वायरींचा घोस. दोन्ही कानातलेच. फरक इतकाच की झुमका कानाला एकदा लागला की रात्री आरशासमोर उभं राहीपर्यंत जागचा हलत नाही. हेडफोन विठ्ठलवाडीलाच उतरून जातो.

निदान माझा तरी. मांजर्लीतून शेअर रिक्षाने स्टेशन, बदलापूरहून सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर, म्हणजे बसायला मिळो न मिळो, दीड तास कान मोकळे. त्यात माझा डावा कान म्हणजे कान नव्हे, बागेतली घसरगुंडी. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळच्या गाडीत डावा बड निसटला तो थेट समोर मेथी निवडत बसलेल्या काकूंच्या पिशवीत. गर्दीत वाकायलाही जागा नव्हती. काकू म्हणाल्या, "राहू दे गं, जुडी संपली की सापडेल." अंबरनाथ गेलं तेव्हा जुडी अर्धी झाली होती. बदलापूरचा प्लॅटफॉर्म लागता लागता देठांच्या ढिगातून बड बाहेर आला, एका पानाला चिकटून, गाणं अजून चालू.

त्या दिवसापासून मी कानांचा अभ्यास करायला घेतला आहे. ही त्यातली निवडक मेथी.

बांगडीला माप, कानाला नाही

बांगडीवाला हात बघून 'दोन-चार' की 'दोन-सहा' ते सांगतो. हे माप जुन्या आण्यांच्या हिशेबाचं: दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. पुढचं माप दोन-सहा. दोघांत फरक सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्याने बांगडी एक तर चढत नाही, नाही तर नळाखाली हात धरला की निघून जाते. इअरफोनच्या छोट्या, मध्यम आणि मोठ्या रबरांत एकेका मापाचा फरक जेमतेम एखाद-दीड मिलिमीटरचा असतो. तरीही आपण डबी उघडतो, जे बसवून आलंय तेच कानात कोंबतो, आणि बाकीच्या दोन जोड्या डबीसकट कपाटात टाकून 'माझे कानच विचित्र' म्हणून मोकळे होतो.

कान विचित्र नाहीत, मोजलेले नाहीत. मोठ्या माणसाच्या कानाचा बोगदा साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि सात मिलिमीटर रुंद असतो, पण तो सरळ नसतो. इंग्रजी 'एस' अक्षरासारखी हलकी वळणं घेत आत जातो, आणि तोंडाशी गोल कमी, अंडाकार जास्त. बायकांचा बोगदा सरासरीने पुरुषांपेक्षा अरुंद. आणि एकाच माणसाचे दोन कान तरी कुठे जुळे असतात? म्हणून पहिली गोष्ट ही, की डाव्या कानाला मोठं रबर आणि उजव्याला मध्यम, असं बिनदिक्कत घाला. त्यात कमीपणा नाही. पायांचंही असंच असतं, फक्त चपलेचा दुकानदार वेगवेगळ्या मापाची जोडी देत नाही.

बोकड, शंख आणि डार्विन

बोगद्याच्या दाराशी जी छोटी टणक पाकळी असते, जिच्यावर बोट दाबून आपण शेजारच्या वरातीचा डीजे बंद करतो, तिचं वैद्यकीय नाव 'ट्रॅगस'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोकड! म्हाताऱ्या पुरुषांच्या कानांत तिथे केसांचा झुबका येतो, तो बोकडाच्या दाढीसारखा दिसतो म्हणून. तिच्या मागची वाटी म्हणजे 'काँका', अर्थात शंख-शिंपला. बिनरबराचे चपटे बड टेकतात ते या बोकडाच्या आणि शंखाच्या भरवशावर. ज्यांची वाटी उथळ किंवा पाकळी आखूड, त्यांच्या कानांत चपटा बड टिकणं अवघड. ब्रँड बदला, रंग बदला, उपयोग शून्य.

कानाच्या वरच्या कडेला आतल्या बाजूने एखादा बारीक उंचवटा लागतोय का बघा. काहींना असतो, काहींना नसतो. चार्ल्स डार्विनने १८७१च्या पुस्तकात त्याची दखल घेतली. आपल्या पूर्वजांच्या टोकदार कानांची ती खूण असावी, असं त्याचं म्हणणं. आणि हे त्याच्या लक्षात आणून दिलं कुणी, तर थॉमस वुल्नर नावाच्या एका शिल्पकाराने. दगडात कान कोरणाऱ्याला कानाचे बारकावे ठाऊक असणारच.

मांजर्लीत राहून मांजराचा उल्लेख टाळणं बरं नाही. मांजराच्या कानांना हलवणारे स्नायू दोन-अडीच डझनांच्या घरात, कान जवळजवळ अर्धवर्तुळ फिरतो, आणि ऐकू येतं ते साठ हजार हर्ट्झच्या पुढचंसुद्धा. आपली धाव वीस हजारांपर्यंत, तीही तरुणपणी. कान हलवणारे स्नायू आपल्यालाही आहेत, पण ते बहुतेकांचे रिटायर झालेत. वर्गात एखादा कान हलवून दाखवणारा मुलगा असायचा, तो अपवाद.

वडापाव खाताना बड का पडतो?

करंगळी कानात घाला आणि नुसतंच चावल्यासारखं करा. बोगद्याची पुढची भिंत हलताना लागेल. जबड्याचा सांधा अगदी तिच्या पुढ्यात आहे, त्यामुळे तोंड उघडलं-मिटलं की बोगद्याचा आकार बदलतो आणि बसलेलं रबर मिलिमीटर मिलिमीटर बाहेर सरकतं. म्हणून फोनवर बोलताना, जांभई देताना, वडापावच्या तिसऱ्या घासाला बड ढिला होतो. दुकानात इअरफोन घालून पुतळ्यासारखं उभं राहू नका. थोडं चावा, 'आ' करा, मान दोन्हीकडे वळवा. दुकानदार बघेल, बघू दे.

कानात काही घातलं की ठसका लागतो, अशीही माणसं असतात. नाटक नव्हे ते. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या एका लांबलचक नसेची एक फांदी कानाच्या बोगद्यात येते, आणि थोड्या लोकांत तिला धक्का लागला की घशाला खोकल्याचा निरोप जातो. अशांनी खोल शिरणाऱ्या इअरफोनच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी पुढे सोय आहे.

वडिलांचे कान खरंच मोठे झालेत

१९९५ साली इंग्लंडमधल्या जेम्स हीथकोट नावाच्या डॉक्टराने २०६ माणसांचे कान फूटपट्टीने मोजले. प्रश्न एकच: म्हाताऱ्या पुरुषांचे कान मोठे का दिसतात? उत्तर निघालं की ते मोठेच असतात. वाढ वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. हिशेब केला तर पंचेचाळीस वर्षांत एक सेंटिमीटर. हे संशोधन 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात आलं, जिथे असे गमतीदार पण खरे अभ्यास छापतात. आपल्या दिवाळी अंकांनी हा कित्ता गिरवायला हरकत नाही.

कानातल्या मळाचीही गंमत आहे. कोरडा मळ की ओला चिकट, हे एका जनुकावर ठरतं. जपानी संशोधकांनी ते २००६ मध्ये शोधून काढलं. पूर्व आशियात कोरडा जास्त, युरोप-आफ्रिकेत ओला, आपल्याकडे दोन्ही. ओल्या मळाच्या कानांत गुळगुळीत रबर घसरतं आणि इअरफोनची जाळीही लवकर बुजते. एक बाजू हळू वाजायला लागली की 'गेला' म्हणून फेकू नका. रबर काढा, जाळी खालच्या दिशेला धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. माझे दोन 'मेलेले' इअरफोन असेच जिवंत झाले. कान मात्र कोरू नका. बोगद्यातली कातडी नख वाढतं त्या संथ गतीने बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप दाराशी आणून टाकते. काडी घातली की तो उलटा आत जातो.

स्वयंपाकघरात जन्मलेला हेडफोन

कानात घालायच्या रिसीव्हरला रबराचं टोपण हवं, हे कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल? फ्रान्सचे अर्नेस्ट मर्काडिए यांनी १८९१ मध्ये टेलिफोनच्या अशा जोडीचं पेटंट घेतलं. वजन पन्नास ग्रॅमच्या आत आणि टोकांना रबर, कानाला घासू नये आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. म्हणजे आपण आज ज्यावरून वैतागतो, त्यावर सव्वाशे वर्षांपूर्वीच विचार झाला होता. आज एक बड पाचेक ग्रॅमचा असतो, वैताग तेवढाच.

डोक्यावरून घ्यायचा हेडफोन घडवला तो अमेरिकेतल्या युटाच्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी. १९१०च्या सुमारास त्यांनी एक जोडी आरमाराला पाठवली. आरमाराला ती पसंत पडली, पण हे गृहस्थ सगळा माल घरच्या स्वयंपाकघरात बनवत, त्यामुळे एका वेळी दहाच जोड्यांची ऑर्डर घ्यायचे. आपल्याकडच्या पापड-लोणच्यांच्या गृहउद्योगासारखंच.

माझ्या लहानपणी घरात ट्रान्झिस्टरची एक पिवळट एकांडी कुपी होती. टोक कडक प्लॅस्टिकचं, सगळ्या कानांना एकच. वडील ती एका कानात घालून मराठी कॉमेंट्री ऐकायचे आणि दुसऱ्या कानाने आईचं. आईचं जास्त स्पष्ट यायचं.

आजीच्या कानातलं इंजिनिअरिंग

आता माझा आवडता मुद्दा. कानात वस्तू टिकवायची कशी, हा प्रश्न मराठी सोनारांनी कधीच सोडवून ठेवलाय. आपण फक्त तिकडे कानाडोळा केला.

कुडीला मागून मळसूत्राची फिरकी. म्हणजे घर्षण आणि पकड. रबराचं तेच काम. पण दागिना जड झाला की फिरकी पुरत नाही, पाळी ओढली जाते, भोक लांबतं. त्यावर उपाय म्हणजे कानाचा वेल: मोत्यांची किंवा सोन्याची साखळी कानातल्यापासून निघते, कानावरून जाते आणि वर केसांत अडकते. भार पाळीवरून उचलला जातो. इअरफोनची वायर सरळ खाली सोडण्याऐवजी कानावरून मागे घेतली की नेमकं हेच होतं. स्टेजवर गाणाऱ्यांच्या कानांत वायर अशीच घेतलेली दिसेल. वायरला लागलेला हिसका कानाच्या वरच्या घडीवर जातो, बड हलत नाही, आणि वायर कपड्याला घासल्याची खरखरही कमी होते. साध्या इअरफोनलाही हे जमतं. नळी तिरकी असेल तर डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात घालून बघा. एक पैसा खर्च नाही. मी हा वेल घालायला लागले आणि डाव्या कानाची निम्मी भांडणं मिटली.

बुगडी पाळीला नसतेच, ती कानाच्या वरच्या कडेला. कान टोचायचा नसेल तर चापाची. हल्ली चिमट्यासारखे, कानाच्या कडेला अडकवायचे इअरफोन आलेत, बोगद्यात काहीच न घालता बाहेरून आवाज सोडणारे. ती सरळसरळ चापाची बुगडी आहे. ठसका लागणाऱ्यांना, अरुंद बोगद्यांना, रबराने कान दुखतात त्यांना हीच सोय. उणीव एवढीच की डब्यातल्या गोंगाटात आवाज विरून जातो. आणि बुगडी हरवतेही, हे महाराष्ट्राला १९५९च्या 'सांगत्ये ऐका'तल्या लावणीपासून पाठ आहे. चित्रपटाचं नावच बघा, कानांसाठीच ठेवल्यासारखं.

तिसरा प्रकार गालफडाच्या हाडावर टेकवायचा. हाडातून कंप थेट आतल्या कानात. बहिरेपण आल्यावर बेटहोवेन दातांत काठी धरून तिचं दुसरं टोक पियानोला टेकवायचा, असं सांगतात. या तऱ्हेचे इअरफोन पळणाऱ्यांना छान, खिशाला मात्र जड, आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून शेजारणीच्या खांद्याला डोकं टेकलं की डोक्यामागून जाणारी कमान टोचते.

दुकानात काय करायचं

आमच्याकडे दुकानात गेलं की वायरचा असो, गळ्यातला नेकबँड असो की बिनवायरचे बड्स, सगळ्याला एकच नाव: हेडफोन. बाजूला उल्हासनगर आहे. तिथे बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहायचे आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा किस्सा इथल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलाय. तेव्हा खोक्यावर काय छापलंय त्याला फार भुलू नका. मी आता इतकंच बघते:

पहिलं, कानात जाणारी नळी. बारीक असेल तर लहान कानांचं निम्मं काम झालं. जाड नळीवर सगळ्यात छोटं रबर चढवलं तरी ते आतून ताणलेलंच राहतं. अर्ध्या तासात कान ठणकतो.

दुसरं, रबर निघतं का आणि जोड्या किती देतात. पाचशेच्या आतल्या वायरच्या इअरफोनवरही तीन मापं मिळतात. ज्यात रबर बदलताच येत नाही तो फुकट दिला तरी नको.

तिसरी, दाबून बघायची परीक्षा. ढोलकीचा किंवा तबल्याच्या बायाचा ठेका असलेलं गाणं लावा. बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर घुमारा एकदम वाढला तर रबर फटीने गळतंय, मोठं माप घ्या. काहीच फरक पडला नाही तर बसलंय. 'हेडफोनला बेसच नाही' म्हणणारे निम्मे लोक फटीचं खापर कंपनीवर फोडतात.

रबराऐवजी फोमची टोकंही मिळतात, आवाज अडवायला कानात घालतात त्या मऊ पिवळ्या बोळ्यांसारखी. चिमटीत दाबून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा म्हणजे बोगद्याचं वळण सरळ होतं, टोक आत सोडायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. फुगून ते तुमच्या कानाचाच साचा होतं. माझ्या घसरगुंडीवर हाच रामबाण निघाला. पण ती काही महिन्यांत झिजतात आणि स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. कान पूर्ण बंद झाला की आपल्याच हाडांतून आलेला आवाज बाहेर पडू शकत नाही, म्हणून. चपलांचा आवाजसुद्धा डोक्यात वाजतो.

तुम्ही ऐकता काय, यावरही पुष्कळ आहे. हरिपाठ, बातम्या, ऑडिओबुक, शेअर बाजारवाले यांच्यासाठी कान ठासून बंद करायची गरज नाही, चपटा बडही चालतो. त्यात 'गाडी आज प्लॅटफॉर्म बदलून येईल' हेही ऐकू येतं, जे कुठल्याही गाण्यापेक्षा महत्त्वाचं.

आणि खरोखर कशानेच बसत नसेल, तर कानाचा साचा घेऊन टोक बनवता येतं. कानाची मशीन वापरणाऱ्यांना यात नवल नाही. वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी हे साचे रोजचेच. मशीन विकणाऱ्या दुकानांत इअरफोनसाठी साचा करतात का, विचारून बघा. मी अजून विचारलेलं नाही, फोमवर भागतंय.

बदलापूरकरांचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला फक्त पाच. आता आपलं बघा. जाऊन-येऊन तीन तास, सहा दिवस, झाले अठरा. म्हणजे ८३च्या आत राहिलो तर आठवडा जेमतेम बसतो. ढिला इअरफोन घालून गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज तीनच पायऱ्या वर नेला, तर शनिवारपर्यंतचा कोटा मंगळवारीच संपू शकतो. महागडा इअरफोन इथे वाचवत नाही, घट्ट बसलेलं रबर वाचवतं. बाहेरचा आवाज कमी आला की आपोआप बोट खालच्या बटणावर जातं.

पावसाळ्यात आणखी एक. आपल्या दमट हवेत ओल्या कानात रबर दाबून बसलं की बुरशी धरते, खाज सुटते. भिजून डब्यात शिरलात तर आधी कान पुसा, मग गाणी. रबर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवून खडखडीत वाळवा. मैत्रिणीला एक बड देणं हे प्रेमळ दिसतं, पण कंगव्यासारखीच ही वस्तू ज्याची त्याची. खाज किंवा ठणका दोन-चार दिवसांत गेला नाही तर कानाचा डॉक्टर, तेलाचे थेंब नव्हेत.

सध्याची माझी स्थिती: डावीकडे फोम, उजवीकडे मध्यम रबर, वायर आजीच्या वेलासारखी कानामागून. सुटी रबरं पन्नास रुपयांत सहा जोड्या मिळाली, त्यातली साडेपाच शिल्लक. ती हरवू नयेत म्हणून आईच्या कानातल्यांच्या डबीत ठेवली होती. परवा हळदीकुंकवाला निघताना ती डबी घेऊन खिडकीशी उजेडात उभी होती. चष्मा वर करून एक रबर चिमटीत धरलं आणि म्हणाली, "अगं, ही फिरकी कुठल्या कुडीची?"